वाइन पद्धतशीर चाखणं आणि ओळखणं : ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, वाशी, नेरूळ, खारघर इथे घरच्या घरी चार-सहा जण जमून वाइन चाखू लागले की साधारण हेच प्रश्न येतात. उत्तरं देताना फ्लॅटमधलं डायनिंग टेबल, इथली हवा आणि इथल्या बाजारात मिळणाऱ्या वस्तू डोळ्यांसमोर ठेवल्या आहेत. महाराष्ट्रात वाइनसाठी वयाची २१ वर्षं पूर्ण हवीत. त्याहून लहान कुणाला या टेबलावर बसवू नका.

पद्धतशीर चाखणं आणि नुसतं पिणं यांत फरक काय?

क्रमाचा. आधी डोळे, मग नाक, मग तोंड, आणि तिन्हींची नोंद कागदावर उतरल्यावरच निष्कर्ष. लंडनच्या डब्ल्यूएसईटी या १९६९ साली स्थापन झालेल्या, वाइनचं शिक्षण देणाऱ्या संस्थेची पद्धत घ्या किंवा कोर्ट ऑफ मास्टर सोमेलियर्स या वाइन वाढणाऱ्या तज्ज्ञांच्या संस्थेची, सांगाडा हाच आहे. पहिलीचा भर वर्णनावर आणि दर्जावर, दुसरीचा बाटली न बघता द्राक्ष, देश आणि वर्ष ओळखण्यावर.

क्रम मोडला तर काय होतं ते फ्रान्सच्या बोर्डोमधल्या एका प्रयोगात दिसलं. तो २००१ साली प्रसिद्ध झाला. वाइनचं शिक्षण घेणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाइनमध्ये वास नसलेला लाल रंग मिसळून दिला, तेव्हा त्यांनी तिच्या वासाचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. डोक्यात एकदा नाव शिरलं की नाक त्या नावाच्याच बाजूने साक्ष देतं. म्हणून आमचा आग्रह एकच आहे : नाव सर्वांत शेवटी. पहिल्याच घोटाला “ही शिराझ द्राक्षाचीच!” असं मोठ्याने म्हणणारा माणूस टेबलावरच्या सगळ्यांची चाखणी बिघडवतो. नोंदी पूर्ण होईपर्यंत कुणी बोलायचं नाही, हा नियम कडकपणे पाळा.

घरात कुठे आणि कधी बसावं?

सकाळी, जेवणाच्या आधी. थोडी भूक असताना नाक तल्लख असतं. त्या घरात त्या वेळी काहीही शिजत नको. डक्टकडची खिडकी बंद ठेवा, नाहीतर खालच्या मजल्यावरची लसणाची फोडणी थेट तुमच्या ग्लासात उतरते. उदबत्ती, धूप, डासांची कॉइल, मोगऱ्याचा गजरा, परफ्यूम, हाताला लावलेलं सॅनिटायझर यांपैकी काहीही असेल तर चाखणी पुढे ढकला. उदबत्ती विझली तरी पडद्यांत तिचा वास बराच वेळ राहतो.

उजेड खिडकीतला, दिवसाचा. तो नसेल तर ६५०० केल्विनचा पांढरा एलईडी लावा. पिवळट दिव्याखाली जांभळट तरुण वाइन विटकरी आणि म्हातारी दिसते. टेबलावर साधा पांढरा कागद अंथरा.

ग्लास कोणता? किती ओतायचं?

आयएसओ ३५९१ या मानकाचा, ट्यूलिपच्या आकाराचा, सुमारे २१५ मिलीचा ग्लास पुरतो. महागड्या ग्लासापेक्षा सगळे ग्लास सारखे असणं महत्त्वाचं, कारण तोंडाचा आकार बदलला की वासाची तीव्रताही बदलते आणि तुलना कोसळते. ५० मिली ओता. एकदा पाणी मोजून ग्लासात कुठवर येतं ते बघून ठेवा. ७५० मिलीच्या बाटलीत असे १५ ग्लास होतात. १२ जणांना देऊन दुसऱ्या बाटलीशी ताडून बघायला थोडी उरते.

ओतण्याआधी रिकामा ग्लास हुंगा. ही पायरी सगळे गाळतात आणि इथल्या हवेत तीच सर्वांत जास्त फसवते. पावसाळ्यात बंद कपाटात पालथे ठेवलेले ग्लास कुबट होतात. पुठ्ठ्याच्या खोक्यात किंवा वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या ग्लासांना कागदाचा वास लागतो, आणि कपाटात डांबरगोळ्या असतील तर मग विचारायलाच नको. असा ग्लास हातात घेऊन चांगली बाटली “बुचाने बिघडलेली” ठरवली जाते. भांड्यांच्या साबणाचा एखादाच थेंब वापरा, गरम पाण्याने भरपूर विसळा आणि शेवटचं विसळणं फिल्टरच्या पाण्याने करा, कारण नळाच्या पाण्याला काही दिवस क्लोरीनचा वास असतो. ग्लास उताणे वाळवा.

लाल वाइन रूम टेंपरेचरला चाखायची ना?

ठाण्याच्या रूम टेंपरेचरला नाही. तो सल्ला युरोपातल्या थंड घरांसाठी होता. ३० अंशांवर अल्कोहोल नाकात टोचतं, फळाचा वास त्याखाली दबतो आणि वाइन पसरट लागते. भारदस्त लाल वाइन १५ ते १८ अंशांवर, हलकी लाल १३च्या आसपास, ओकच्या लाकडी पिंपात ठेवलेली भरीव पांढरी १० ते १३, हलकी पांढरी ७ ते १०, स्पार्कलिंग म्हणजे बुडबुड्यांची ६ ते १० अंशांवर घ्या.

कपाटातली लाल बाटली तासभर फ्रिजमध्ये ठेवून काढा. पांढरी रात्रभर फ्रिजमध्ये असेल तर ओतण्याआधी १५-२० मिनिटं बाहेर काढा. फ्रिजमधल्या ४-५ अंशांवर वास जवळपास मिटलेला असतो. घाई असेल तर बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घातलेली बादली २० मिनिटांत काम करते. स्वयंपाकघरातला साधा प्रोब थर्मामीटर या सगळ्या अंदाजांपेक्षा बरा. ग्लासातली ५० मिली वाइन इथे चटकन तापते, म्हणून एकदम सहा ग्लास भरून ठेवू नका, दोन-दोन ओता.

रंगावरून काय कळतं?

ग्लास पांढऱ्या कागदावर ४५ अंश कलवा आणि मधला गाभा व कडा वेगवेगळे बघा. लाल वाइन वयाबरोबर जांभळट, माणकासारखी, मग विटकरी होत जाते आणि फिकी पडते. पांढरी उलट लिंबाच्या सालीपासून सोनेरीकडे, पुढे मधाच्या रंगाकडे गडद होते. लाल वाइनमधून खालची अक्षरं वाचता येत असतील तर पिनो न्वार किंवा नेब्बिओलोसारखं पातळ रंगाचं द्राक्ष संभवतं.

ग्लासावरून ओघळणाऱ्या थेंबांवरून दर्जा ठरत नाही. ते मुख्यतः अल्कोहोलच्या बाष्पीभवनामुळे होतात.

हुंगायचं नेमकं कसं?

आधी ग्लास न हलवता एक छोटा हुंगा घ्या, कारण सर्वांत हलके वास आणि बरेचसे दोष तिथेच सापडतात. मग ग्लास टेबलावर ठेवूनच तीन-चारदा गोल फिरवा आणि पुन्हा दोन छोटे हुंगे. लांब श्वास भरून काही वाढत नाही. नाक काही क्षणांत त्या वासाला सरावतं. सरावलं असं वाटलं तर स्वतःच्या मनगटाचा किंवा बाहीचा वास घ्या, अर्धा मिनिट थांबा आणि परत या.

वास सापडला नाही तर गटातून आत शिरा. फळ आहे का? असेल तर आंबट, गराचं, उष्ण प्रदेशातलं की लाल-काळं? ताजं, शिजवलेलं की सुकवलेलं? फूल, पाला, मसाला, लाकूड, माती? “काहीतरी छान” ही नोंद नव्हे, पण “सुकं फळ, बहुतेक काळी मनुका” ही नोंद आहे.

ब्लॅकबेरी, गूसबेरी आम्ही कधी हुंगलीच नाही. मग काय लिहायचं?

जे ओळखता ते लिहा. डेव्हिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात अ‍ॅन नोबल यांनी १९८०च्या दशकात वासांचं चक्र तयार केलं, तेव्हा त्यामागचा विचार हाच होता की प्रत्येक शब्दासाठी हातात धरता येईल असा नमुना हवा. आपला नमुना तुर्भ्याच्या एपीएमसीतल्या फळबाजारात आणि मसाला मार्केटमध्ये मिळतो. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात एका फेरीत पिशवी भरते.

नमुने असे करा. साध्या, ओकमध्ये न ठेवलेल्या पांढऱ्या वाइनचे ५०-५० मिलीचे ग्लास भरा. एकात हिरव्या शिमला मिरचीचा एक सेंटिमीटरचा चौकोन, एकात तीन ठेचलेले मिरे, एकात एक लवंग, एकात पपनसाच्या सालीची चकती, एकात सोललेली लिची, एकात सुक्या खोबऱ्याचा काप, एकात व्हॅनिलाचे दोन थेंब. काळ्या फळांसाठी उन्हाळ्यात करवंद, पावसाळ्याच्या तोंडावर जांभूळ. हे दोन्ही लाल वाइनमध्ये घाला. वर बशी झाका, अर्धा तास थांबा, मग डोळे मिटून दुसऱ्या कुणाच्या हातून हुंगा. हे ग्लास पिण्यासाठी नाहीत आणि दोन-तीन तासांनी फेकून द्यायचे. लवंग लवकर काढा, नाहीतर ती सगळ्या टेबलावर राज्य करते.

प्रत्येक नमुन्यामागे काहीतरी ठोस आहे. शिमला मिरची म्हणजे मेथॉक्सिपायराझिन हे संयुग, जे कॅबर्ने सोव्हिन्यॉन या लाल आणि सोव्हिन्यॉन ब्लाँ या पांढऱ्या वाइनच्या द्राक्षांत सापडतं. पपनस आणि पिकू लागलेला पेरू म्हणजे थायोल ही गंधकाची संयुगं, सोव्हिन्यॉन ब्लाँची दुसरी खूण. लिची आणि गुलाब म्हणजे गेवुर्झट्रामिनर हे द्राक्ष. खोबरं, व्हॅनिला, लवंग ओकच्या पिंपातून येतात. लोण्याचा वास डायअसिटिलचा असतो; मॅलिक आम्लाचं लॅक्टिक आम्लात रूपांतर होताना ते तयार होतं. बेकरीतली खारी किंवा भाजलेला पाव आठवला तर वाइन मृत यीस्टसोबत बराच काळ राहिली असणार, जशी उत्तम स्पार्कलिंग राहते.

शिराझमध्ये सगळ्यांना मिरी जाणवते, मला का नाही?

तो वास रोटंडोन नावाच्या संयुगाचा. ऑस्ट्रेलियन संशोधकांनी २००८ साली ते द्राक्षांत आणि वाइनमध्ये ओळखलं, आणि साधारण पाचातल्या एका माणसाला ते बऱ्याच मोठ्या प्रमाणातही जाणवत नाही. हा सरावाचा दोष नाही. तुम्ही त्यांतले असाल तर शिराझ ओळखताना मिरीवर विसंबू नका. बाकीच्या खुणा वापरा.

आंबटपणा, तुरटपणा, गोडवा, अल्कोहोल यांची सरमिसळ होते. वेगळं कसं ओळखायचं?

वाइन बाजूला ठेवा आणि पाण्यावर सराव करा. आमच्या मते एखादी महागडी बाटली घेण्यापेक्षा ही एक सकाळ जास्त शिकवते.

आंबटपणासाठी लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, १० ग्रॅम घेऊन एक लिटर पाण्यात विरघळवा. या मूळ द्रावणातलं ५०, १०० आणि २०० मिली वेगवेगळं घेऊन प्रत्येकी एक लिटर करा. लिटरला अर्धा, एक आणि दोन ग्रॅम अशा तीन पायऱ्या मिळतात. घोट थुंकल्यावर तोंड बंद ठेवून मान पुढे झुकवा. जिभेच्या कडांशी लाळ किती वेगाने आणि किती वेळ सुटते, तेच आम्लतेचं माप.

गोडव्यासाठी साखर लिटरला ४, १० आणि ३० ग्रॅम. ४ ग्रॅमपर्यंतची वाइन कोरडी, म्हणजे गोड नसलेली, समजली जाते आणि पाण्यात एवढी साखर अगदी अंधूक कळते. आता १० ग्रॅमच्या पाण्यात थोडं मूळ आंबट द्रावण घाला. साखर तेवढीच असते, गोडवा मात्र झपकन उतरतो. वाइनमध्ये रोज हेच घडतं. शिवाय पिकल्या फळाच्या वासाला जीभ गोड समजते. शंका आली की नाक चिमटीत धरून घोट घ्या, खरा गोडवा तेवढा उरतो.

तुरटपणासाठी कोरा चहा : २०० मिली उकळत्या पाण्यात एक चमचा पत्ती, तीन कपांत २, ५ आणि १० मिनिटं. गाळून थंड करा. लक्ष जिभेवर नको, हिरड्यांवर आणि वरच्या ओठाच्या आत ठेवा. तिथे खरखरीत कोरडेपणा येतो तो टॅनिनचा. जिभेच्या मागे लागतो तो कडवटपणा, ती वेगळी गोष्ट.

अल्कोहोलसाठी आपल्याकडची व्होडका सहसा ४२.८ टक्क्यांची असते. २५ मिलीत ७५ मिली पाणी घातलं की सुमारे १०.७ टक्के, ३३ मिलीत ६७ मिली घातलं की सुमारे १४ टक्के. दोन्हींचा घशातला ऊबदारपणा लक्षात ठेवा. डब्ल्यूएसईटीच्या मोजणीत ११ टक्क्यांखाली कमी, ११ ते १३.९ मध्यम आणि १४पासून पुढे जास्त.

नोंद कशी दिसावी?

छोटी आणि मोजलेली. ओक न लागलेल्या, किंचित गोडसर शेनिन ब्लाँ या पांढऱ्या वाइनची नोंद अशी होऊ शकते (‘अंग’ म्हणजे तोंडात जाणवणारा भरीवपणा, ‘शेवट’ म्हणजे घोटानंतर रेंगाळणारी चव) :

“स्वच्छ, फिकी लिंबू छटा. वास मध्यम : हिरवं सफरचंद, पेर, थोडा मध, अननस, ओक नाही. किंचित गोड, आम्लता जास्त, टॅनिन नाही, अल्कोहोल मध्यम, अंग हलकं ते मध्यम. शेवट मध्यम, सहा-सात सेकंद, सफरचंदावर संपतो.”

यात एकही विशेषण कौतुकाचं नाही. शेवटासाठी घोट थुंकल्यापासून फळाची चव विरेपर्यंत सेकंद मोजा; नुसता कडवटपणा किंवा जळजळ उरली असेल तर ती मोजायची नाही.

मग द्राक्ष ओळखायचं कसं?

वासापेक्षा सांगाड्यावर भरवसा ठेवा. वास पिंप, यीस्ट आणि वय यांनी बदलतात. आम्लता, टॅनिन आणि अल्कोहोल यांचा मेळ सहजी बदलत नाही. कागदावर तीन शक्यता लिहा आणि प्रत्येकीसमोर बाजूचा व विरुद्धचा पुरावा मांडा. जिच्या विरुद्ध सर्वांत कमी पुरावा, ती निवडा.

रंग फिका पण टॅनिन आणि आम्लता दोन्ही जबर? नेब्बिओलो. रंग फिका आणि टॅनिनही मवाळ? पिनो न्वारकडे वळा. रंग दाट, आम्लता व टॅनिन वरच्या पट्टीत आणि वासात शिमला मिरची किंवा पुदिना असेल तर कॅबर्ने सोव्हिन्यॉन. दाट रंग, मऊ टॅनिन, मिरी किंवा धुरकट वास असेल तर शिराझ. दाट जांभळा रंग, आलुबुखार, पाल्याचा वास जवळपास शून्य : माल्बेकचा विचार करा.

पांढऱ्यांत आम्लता जबर आणि वासही झणझणीत हिरवट असेल तर सोव्हिन्यॉन ब्लाँ. आम्लता जबर, पण वास शांत आणि सफरचंदाकडे झुकणारा असेल तर शेनिन. आम्लता जबर, ओकचा मागमूस नाही आणि थोडा पेट्रोल पंपाचा वास? तो टीडीएन नावाच्या संयुगाचा, रीस्लिंग. आम्लता कमी, जर्दाळू आणि अंगाने भरीव असेल तर व्हियॉन्ये. शार्डने सर्वांत अवघड, कारण तिचा स्वतःचा वास अबोल आणि वाइनमेकरने दिलेले ओक व लोणी जास्त बोलके.

देश ठरवताना हवामान बघा. उष्ण भागात फळ पिकलेलं, अल्कोहोल जास्त, आम्लता उतरलेली. थंड भागात उलट.

नाशिकच्या वाइन सरावासाठी चालतील?

उत्तम चालतात. शेनिन, सोव्हिन्यॉन ब्लाँ, शिराझ आणि कॅबर्ने चारही सहज मिळतात. नाशिकला द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये तोडली जातात, फ्रान्समध्ये सप्टेंबरच्या आसपास. म्हणजे लेबलवर एकच साल असलेली नाशिकची बाटली फ्रेंच बाटलीपेक्षा सहा-आठ महिन्यांनी मोठी असते. सरावाला एकाच द्राक्षाच्या दोन ठिकाणच्या बाटल्या शेजारी ठेवा, चार वेगळ्या वाइन नकोत.

वाइन बिघडली आहे की मुळात तशीच आहे?

ओला पुठ्ठा, कुबट तळघर : बुचाचा दोष. कारण टीसीए हे संयुग, जे लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम असलं तरी नाकाला कळतं. हवेशी खेळवून ते जात नाही, उलट ग्लासात वाढल्यासारखं वाटतं. अगदी कमी असेल तर कुबट वासही येत नाही, फक्त फळ गायब होतं. तेव्हा त्याच वाइनची दुसरी बाटली उघडून ताडल्याशिवाय निर्णय देऊ नका.

सडलेलं अंडं, जळकी काडी : हवा कमी मिळाल्याने तयार झालेली गंधकाची संयुगं. ग्लास जोरात फिरवून पाच मिनिटं थांबा. गेला नाही तर पूजेतली स्वच्छ घासलेली तांब्याची पळी वाइनमध्ये अर्धा मिनिट ढवळा. वास उतरला तर निदान पक्कं. हा ग्लास पिऊ नका, तो फक्त परीक्षेसाठी. हल्लीची एक-दोन रुपयांची नाणी स्टीलची असल्याने त्यांनी हे होत नाही.

नेलपॉलिश रिमूव्हर म्हणजे इथाइल अ‍ॅसिटेट, व्हिनेगर म्हणजे अ‍ॅसिटिक आम्ल. घोड्याचा तबेला किंवा बँडेजपट्टी म्हणजे ब्रेटानोमायसिस यीस्ट. थोडं असेल तर काहींना आवडतं, आम्हाला ते फळ झाकणारंच वाटतं. कापून ठेवलेल्या सफरचंदाचा वास आणि तपकिरी छटा म्हणजे ऑक्सिडेशन.

इथे सर्वांत जास्त भेटणारा दोष मात्र उष्णतेचा. बूच तोंडाच्या वर किंचित आलेलं, आवरणाखाली चिकट ओघळ, चव शिजवलेल्या जॅमची. दुकानात उन्हाच्या बाजूच्या फळीवर उभी असलेली बाटली घेऊ नका.

तळाशी साखरेसारखे खडे दिसले तर ते टार्टारिक आम्लाचे क्षार असतात. निरुपद्रवी आहेत.

ब्लाइंड, म्हणजे बाटली न बघता, चाखणी घरी प्रामाणिकपणे कशी करावी?

ओतणारा माणूस चाखणार नाही. बाटलीला पिशवी पुरत नाही, बाटलीच्या खांद्याचा आकार वाइन बोर्डोच्या धाटणीची की बर्गंडी या दुसऱ्या फ्रेंच प्रदेशाच्या ते सांगून टाकतो. म्हणून वाइन एकसारख्या रिकाम्या, धुतलेल्या बाटल्यांत ओता आणि आकडे घाला. बूच आणि आवरण खोलीबाहेर.

स्वतःची परीक्षा घ्यायची तर तीन ग्लास मागा : दोन एकाच वाइनचे, एक वेगळा. वेगळा शोधा. निव्वळ अंदाजानेही तीनातून एकदा जमतंच, म्हणून सहा वेळा करा. सहापैकी पाच बरोबर आले तर तो योगायोग असण्याची शक्यता दोन टक्क्यांहून कमी. चार आले तर अजून सिद्ध काहीच झालेलं नाही.

आधी आणि मध्ये काय खावं?

आधीचा तासभर चहा, कॉफी, पान, सुपारी, बडीशेप, टूथपेस्ट काही नको. मध्ये पाणी आणि साधा पाव. चीज नको, त्यातली प्रथिनं आणि चरबी टॅनिन मवाळ करतात, आणि मग प्रत्येक लाल वाइन चांगली लागते.

आवडली म्हणजे चांगली का?

दोन्ही वेगळं लिहा. दर्जासाठी चार प्रश्न : कुठलीच एक गोष्ट बाकीच्यांवर चढत नाही ना, शेवट किती लांब, चव आणि वास किती ठळक, आणि त्यांत किती पदर. चारही बाजूने असतील तर असामान्य, तीन तर खूप चांगली, दोन तर चांगली, एक तर चालण्याजोगी. तुम्हाला न आवडलेली वाइन या मोजणीत वर येऊ शकते, आणि येऊ द्या.

थुंकायलाच हवं का?

सहा वाइन चाखायच्या असतील तर हो. प्रत्येकाला झाकणाचा एक अपारदर्शक कप आणि मध्ये एक मोठं भांडं. थुंकूनही थोडं अल्कोहोल शरीरात जातं, म्हणून घोडबंदर रोडला किंवा पाम बीचला गाडी स्वतः चालवत परत जायचं नाही.

उरलेल्या बाटल्यांचं काय?

लगेच बूच लावून सगळ्या, लालसुद्धा, फ्रिजमध्ये उभ्या ठेवा. पांढरी दोन-तीन दिवस, लाल तीन ते पाच दिवस बरी राहते. अर्ध्याहून कमी उरली असेल तर छोट्या बाटलीत तोंडापर्यंत भरा, म्हणजे हवेला जागा उरत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच नोंदीशेजारी पुन्हा नोंद करा. बाटली उघडल्यावर आधी फळ जातं, मग वास सपाट होतो, आम्लता आणि टॅनिन जवळपास जागेवरच राहतात.